हातचा एक

यंत्राने छापलेला आकडा तिच्या बाबांच्या आकड्याशी जुळला नाही.

गणकांच्या दालनात सगळ्यांच्या माना आधी कागदाकडे आणि मग तिच्याकडे वळल्या. भरती-ओहोटीच्या कोष्टकाचं एकच पान. बाकी सगळं तंतोतंत, आणि या एका ठिकाणी यंत्राच्या मते पाणी फूटभर जास्त खोल. तेवढ्या फरकाने भरलेलं जहाज गाळात रुततं.

यंत्र पलीकडची अख्खी खोली अडवून बसलं होतं. त्याने काय करायचं याची एकूण एक सूचना तिने कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिली होती. बाबा या दालनाचे प्रमुख गणक. उभी हयात त्यांनी ही कोष्टकं पेन्सिलीने केली. चूक त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, असं खलाशीसुद्धा म्हणत. यंत्राचं पान बाबांच्या पानाशी जुळलं तर यंत्र ठेवायचं, नाहीतर मोडीत काढायचं, असं खात्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

तिने पट्टी पुन्हा घातली. दिवे लुकलुकले आणि आकडा तोच आला. आतली एखादी काचेची नळी जळाली असेल, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. बाबांचं नावही राहिलं असतं. साहेबांचा हात तर यंत्र बंद करायच्या बटणाकडे निघालाच होता.

"यंत्र बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.

एक जुने गणक, हल्लीच्या पोरी बापालाच शिकवायला निघाल्यात, असं काहीतरी पुटपुटले. बाबांनी त्यांना हातानेच गप्प केलं, चष्मा पुसला आणि सगळ्यांसमोर ते गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं. ती शेजारी उभी राहिली. आपलं खरं ठरावं असं तिला वाटत होतं, आणि बाबांचं खोटं ठरू नये असंही. दोन्ही एकदम कसं होणार, ते तिला कळत नव्हतं.

पेन्सिल थांबली.

"हातचा एक," बाबा म्हणाले. "घ्यायचाच राहिला."

दालनाचा रिवाज असा, की ज्याने चूक पकडली त्याने समासात सही करायची. बाबांच्या पानांचे समास आजवर कोरे होते. त्यांनी आपला आकडा खोडला आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. चूक मी नाही, यंत्राने पकडली, असं ती सांगू लागली. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. तिने सही केली. सही ठळक आली.

बाबांनी पान उचलून साहेबांपुढे ठेवलं. चूक सापडलेल्या माणसाचा चेहरा काही असा नसतो.

"यंत्राला हिने शिकवलं," ते म्हणाले, "आणि हिला मी."