टर्बोची शिट्टी

"केबिनमध्ये येणारी ही टर्बोची शिट्टी पार घालवून टाका, मिस्त्री," सोपानराव म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. बाकीचे ट्रकवाले माझ्याकडे शिट्टी वाढवून मागायला येतात.

"पोरगी पुण्यात नोकरीला आहे. ती मोकळी असते तेव्हा मी नेमका घाटात. फोन केला की म्हणते, पप्पा, शिट्टीत काही ऐकू येत नाही, आणि ठेवून देते. वर्ष झालं, धड बोलणं नाही."

दोन दिवस लागले. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाईप चिरला होता, तो बदलला. इंजिनाच्या झाकणाखाली आवाज शोषणारा जाड नमदा चिकटवला, दारांना नवं रबर बसवलं. सोपानराव दोन्ही दिवस शेजारी उभे राहून पान्हे पुसून हातात देत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटात चक्कर मारून आलो. चढाला पूर्ण रेस देऊनही शिट्टी नाही. गॅरेजसमोर त्यांनी इंजिन बंद केलं, केस सारखे केले आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"प्रणाली, बाळा, ओळख बघू, काय फरक पडलाय?"

"पप्पा, काहीच ऐकू येत नाहीये. नुसती शिट्टी वाजतेय. नंतर बोलते हं."

बंद गाडीत सोपानराव स्टेअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थोडी राहिलीय वाटतं अजून, मिस्त्री."