सुरी दिसू द्यायची नसते

जानेफळच्या मुनाफचाचांनी बकरी ईदला बिस्मिल्ला म्हणून गावभरच्या कुर्बान्या केल्या, पण जनावराला सुरी कधी दिसू दिली नाही. "मुकं जनावर हाये. भ्यालं तं गुनाह आपल्याले," म्हणायचे.

आज त्यांना किडनी द्यायला त्यांची लेक अंजुम ऑपरेशनला निघाली होती. सकाळपासून चाचा नुसत्या येरझारा घालत होते. तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेवढ्यात सिस्टर कात्र्या-सुऱ्यांचा ट्रे घेऊन शेजारून गेली. चाचांनी झटकन अंजुमच्या डोळ्यांवर हात ठेवला.

अंजुमने तो हळूच बाजूला केला.

"अब्बा, बकऱ्याले मालूम नसते, त्याले काऊन आनलं. मले मालूम हाये. तुमी निस्तं बिस्मिल्ला म्हना."