बिनकागदाचं घड्याळ

विट्यातल्या माझ्या सोनं गाळायच्या भट्टीसमोर रंगूवहिनींनी नवऱ्याचं परदेशी सोन्याचं घड्याळ ठेवलं. जोतीराम जाऊन वर्ष झालं होतं. "सांगलीला इकाया नेलं तर दुकानदारानं कागद मागितलं, भावजी. न्हाईत म्हणल्यावर चोरीचं म्हणाला. ह्यांना चोर! आता ते घरात नको. तुमीच घ्या, गाळून टाका." कोईमतूरच्या शेठनं तीस वर्षांच्या कामाबद्दल ते जोतीरामला दिलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिथंच राबून मला मात्र काहीच मिळालं नव्हतं. वहिनींना मी यातलं काही सांगितलं नाही. सोन्याच्या भावानं घड्याळ घेतलं, चालतं यंत्र काढून ठेवलं आणि सोनं मुशीत टाकलं. दुसऱ्या दिवशी वहिनी धापा टाकतच आल्या. "कागद घावलं, भावजी! खंडोबाच्या फोटूमागं व्हतं. द्या ते घड्याळ, दाखवते त्याला!" मी यंत्र त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं. "चालतंय की," त्या हसल्या. "बाकीचं कुठाय, भावजी?"