आवाज येतोय तोवर

दुपारी चारला बाबांनी घरामागच्या उतारावरचं गवत कापायला घेतलं. उतार घरातून दिसत नव्हता, तरी लेक निर्धास्त होती. दुकानातली स्वस्त यंत्रं बाजूला सारून तिने हे बसून चालवायचं मशीन हट्टाने घ्यायला लावलं होतं. माणूस सीटवरून हलला की पातं आणि इंजिन आपोआप बंद. आवाज येतोय म्हणजे बाबा सीटवर आहेत.

"आज एकदाही बंद पडलं नाही बघ," आई कौतुकाने म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, जरा उठून मागे बघितलं की बंद पडायचं. वैतागले. काल सीटखालचा स्विच काढून वायरी थेट जोडल्या. म्हणाले, तिला सांगू नकोस, डोकं खाईल."

लेक दाराकडे धावली. आवाज चालूच होता. मघापासून एकाच जागेवरून येत होता.