फुल्ल चार्ज

आर्नफिनने किल्लीऐवजी चालणारा मोबाइल विजेच्या गाडीच्या दाराजवळ धरला, हातमोजा काढून परत धरला, पण दार काही उघडेना. मोबाइलवर मात्र हिरव्या अक्षरांत गाडी शंभर टक्के चार्ज दिसत होती. एवढ्यावर माणूस थेट ऑस्लोला पोचला असता. आर्नफिनला जायचं होतं ते फक्त दरीतल्या वृद्धाश्रमापर्यंत, बायकोला आणायला.

नाताळची आदली संध्याकाळ होती. पाचला चर्चच्या घंटा झाल्या की सगळी दरी जेवायला बसते, त्याच्या आत बोर्गहिल्ड घरी यायला हवी होती. तिला आता घर आठवत नव्हतं, मुलांची नावं आठवत नव्हती. नवरा तेवढा आठवत होता. पुढच्या नाताळापर्यंत तोही आठवेल याचा भरवसा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आडवळणाने का होईना, सांगून टाकलं होतं. म्हणजे काय तो हाच नाताळ. चुलीवर पातेल्यात भूर्जाच्या काड्यांवर नाताळचं मटण वाफेला लागलं होतं. ऐन वेळी मागेपुढे करायला नको म्हणून आर्नफिनने सकाळीच गाडी चार्जरवरून काढून वाटेच्या तोंडाशी, रस्त्याकडे नाक करून उभी केली होती. मागच्या सीटवर तिच्यासाठी मेंढीचं कातडंही अंथरलं होतं. माणसाने आणखी किती तयारी करायची?

शेजारचा स्टाइनार घरातल्या लोकरी चपलांवरच बाहेर आला. आर्नफिनने जुनी डिझेलची गाडी विकली तेव्हापासून तो टोमणे मारायची संधी सोडत नसे.

"ती तुझी म्हातारी खोकायची, कुंथायची," तो म्हणाला, "पण उठायची."

खोकायची हे खरंच. तिची घरघर खालच्या वळणावर ऐकू आली की बोर्गहिल्ड बटाटे उकळायला टाकायची आणि नवरा दारात येईपर्यंत ते शिजलेले असायचे.

आर्नफिनचा चेहरा पाहून स्टाइनारने टोमणे आवरले. माझी गाडी ने, म्हणाला. मग दोघांनीही मागे वळून पाहिलं. स्टाइनारची गाडी मागे अंगणात होती आणि दोन्ही घरांना मिळून वाट एकच. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती, दगडासारख्या गोठलेल्या, आणि मधोमध बुचासारखी आर्नफिनची गाडी. दोघांनी खांदे लावून रेटून पाहिलं, पण चाकं जागची हलली नाहीत. ब्रेकसुद्धा विजेवरच सुटणारा होता.

मदतीच्या नंबरवरचा पोरगा फार गोड बोलला. मोठी बॅटरी ठणठणीत आहे, म्हणाला, दारं आणि दिवे चालवणारी छोटी बॅटरी तेवढी थंडीने मेली आहे, या दिवसांत असं होतंच. त्यांची गाडी घाटात अडकली होती, नऊपर्यंत येईल म्हणाला. वृद्धाश्रमात सातला सगळ्यांना झोपवतात. गावातल्या टॅक्सीवाल्याने फोन उचलला, पण त्याचा बटाट्याच्या दारूचा पहिला पेला रिकामा झाला होता. इकडे पोटात घोटभर असली तरी कुणी स्टिअरिंगला हात लावत नाही, आणि लाव असं त्याला कुणी म्हणतही नाही. वरच्या अंगाची घरं सुट्टीपुरती, ईस्टरपर्यंत कुलपात.

स्टाइनार आत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

"फोडू?"

"फोड."

काच फुटली. एरवी पान पडलं तरी बोंबलणारी गाडी हूं की चूं करेना. आर्नफिनने खिडकीतून हात घालून आतल्या खटक्याने दार उघडलं आणि काचांवरच बसला. आता बॉनेट उघडलं की झालं, स्टाइनारच्या गाडीवरून छोट्या बॅटरीला करंट देता आला असता. मागून पुढच्या बॉनेटपर्यंत पोचेल अशी लांब वायर त्याने खांद्यावरच टाकून आणली होती.

"बॉनेटची दांडी ओढ," स्टाइनार म्हणाला.

"दांडी नाहीये. स्क्रीनवर चित्र येतं, त्याला बोट लावायचं."

"मग लाव."

आर्नफिनने समोरच्या काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. स्टाइनारने कुऱ्हाड बर्फात टेकवली. आर्नफिनला रडू आलं. जन्मभर त्याने गाड्या, पंप, बोटी स्वतः दुरुस्त केल्या होत्या, आणि आज या गाडीत हात घालायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमातली सिलिये होती. बोर्गहिल्डबाई दुपारपासून कोट घालून खिडकीशी बसल्यात, म्हणाली, कोट काढू देत नाहीत, खीरही खाल्ली नाही, तुम्ही कुठवर आलात? आर्नफिन खरं काय ते सांगणार, तोच तिने फोन बोर्गहिल्डच्या हातात दिला. खाली दरीत घंटा सुरू झाल्या. त्याच घंटा फोनमधूनही ऐकू येत होत्या.

"आर्नफिन," बोर्गहिल्ड म्हणाली, "मी कान देऊन बसलेय. वळणावर आवाज नाही आला."

नाव तिला नीट आठवत होतं. आर्नफिनने डोळे मिटून घेतले.

"या गाडीला आवाज नसतो, बोर्गहिल्ड."

पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर होतं, मी येऊ शकत नाही एवढंच. पण ते काही फुटेना.

"असं होय," ती म्हणाली, आणि तिने फोन खाली ठेवला असावा, कारण मग आवाज लांबून आला. ती सिलियेला समजावत होती.

"निघालाय तो. त्याच्या गाडीला आता आवाज नसतो म्हणे. कोट राहू दे माझ्या अंगावर."