तुती आणि शेजार

वारज्याच्या आमच्या बंगल्यात फळझाड लावलं की शेजारच्या रावसाहेबांना ते खुपतं. फांदी भिंतीपलीकडे वीतभर गेली की त्यांची कात्री बाहेर निघते, आणि कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते. त्यांच्याच कृपेने आमचं लिंबू वाळलं. म्हणून या खेपेला नर्सरीत स्पष्ट सांगितलं, “कमी देखभालीचं झाड द्या, शेजार वाईट आहे.” त्यांनी तुती दिली. मी ती नेमकी भिंतीला खेटून लावली.

तेव्हापासून दरवर्षी रावसाहेब शिडी लावून तुती भादरतात. वर ओरडतात, “तुमचा पाला आमच्या दारात नको, बाई!”

“आधी दार झाडत जा, मग बोला,” मी सुनावते.

यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांना चिडायला बंदी केली. फांद्या त्यांच्या गाडीवर लोंबल्या, तरी माणूस नुसता नमस्कार करून आत जाई. मला काही चैन पडेना. शेवटी मी भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली: ‘शेजाऱ्यांनी झाडाला हात लावू नये. लावल्यास संस्कार कळतील.’

संध्याकाळपर्यंत तुतीचा खराटा झाला.

समोरची पूर्णिमा धावत आली. “काकू, सोडू नका त्यांना! सरळ पोलिसांत जा!”

 

“वेडी की काय? कडक छाटल्याशिवाय तुती फळ धरत नाही, आणि मला शिडी चढवत नाही.”