डाव नव्या सिस्टिमवर चालणार नाही

सकाळी अकराच्या सुमारास कॉम्प्युटरवाल्यानं मशीनचं झाकण परत बसवलं आणि निकाल सांगितला.

"मशीन चालेल साहेब. पण सिस्टिम बदलावी लागेल."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. दुकान बंद केल्यापासून ते घरीच कामं घेत. टेबलावर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं.

"नाही बदलली तर?"

"आज काही होणार नाही. उद्याचं सांगता येत नाही. कंपनीनं या सिस्टिमकडे बघणं सोडून दिलंय. दार आहे पण कडी नाही, असं समजा."

"आणि बदलली तर?"

"सगळं ठाकठीक. फक्त तुमचा तो बुद्धिबळाचा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालणार नाही."

"मग बदला," दारातून मुलगी म्हणाली. ती दोन दिवसांसाठी आली होती. "बाबा, तुमचे बँकेचे व्यवहार त्यावर आहेत. एका खेळापायी किती अडून बसायचं?"

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. खेळ आहे की आणखी काय, ते पोरीला सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. आईचं ऑपरेशन तातडीचं होतं, धाकटा दुसऱ्या गावाहून निघून वाटेत होता. घड्याळजींनी त्याची वाट न बघता कागदावर सही केली. आई ऑपरेशन टेबलावरून परत आली नाही. "मला विचारायला हवं होतंस," एवढंच धाकटा म्हणाला आणि गेला. पुढे दोन्ही घरांमध्ये निरोप यायचे-जायचे ते घड्याळजींच्या बायकोमार्फत.

त्याआधी दोघे भाऊ आपापल्या घरून कॉम्प्युटरवर खेळायचे. तो डावही थांबला. मग काही महिन्यांनी एका सकाळी पडद्यावर धाकट्याचा घोडा पुढे आलेला दिसला. बरोबर एक अक्षर नाही. नुसता घोडा. घड्याळजी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक प्यादं सरकवलं.

तेव्हापासून वर्षानुवर्षं डाव चालू होते, दिवसाला एखादी चाल. धाकट्याचा खेळ बदलला होता. पूर्वी तो वजीर घेऊन वाघासारखा सुटायचा आणि तोंडघशी पडायचा. आता प्यादी जपायचा, थांबायचा, हातातला डाव कधी कधी बरोबरीत सोडून द्यायचा. घड्याळजींनी त्याचा एकच अर्थ लावला. त्यानं माफ केलंय, तोंडानं म्हणवत नाही, इतकंच.

बायकोला त्यांनी हे एकदा सांगितलं होतं.

"मग फोन करा की," ती म्हणाली होती. "सख्ख्या भावाला फोन करायला कसला मुहूर्त बघताय?"

"बोलतोय ना तो. या चाली म्हणजे बोलणंच आहे. तुला नाही कळायचं. घोडा कुठला नि उंट कुठला, ते तरी ठाऊक आहे का?"

ती हसली होती आणि कपबशी उचलून आत गेली होती.

या हिवाळ्यात बायको वारली. धाकटा आला, फाटकाशी उभा राहिला आणि न बोलता परतला. त्या दिवसांत चाल आली नाही, तेव्हा दुखवट्यात खेळायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं, असं घड्याळजींनी मानलं. ऊन तापू लागलं तरी चाल येईना. मग त्यांना मशीनचा संशय आला आणि त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं.

"जुन्या सिस्टिममुळे समोरच्याची चाल अडकून राहत असेल का?" घड्याळजींनी आता त्याला विचारलं.

"असूही शकतं."

"आणि नवी टाकली तर प्रोग्रॅमच नाही."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"आईच्या लॅपटॉपवरचं मी सगळं पुसलं आणि नवी सिस्टिम टाकून घेतली," मुलगी म्हणाली. "कुणाचं काय अडलं?"

"आईचं वेगळं. ती त्यावर पाककृती बघायची." घड्याळजी पडद्याकडे बघत होते. "मी डाव अर्ध्यावर टाकून उठलो, असं वाटेल त्याला. आधीच एकदा न विचारता केलंय."

"मग या वेळी विचारा. फोन करा काकांना."

मुलीनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि कॉम्प्युटरवाल्याला चहाला आत नेलं.

"दादा?" पलीकडून आवाज आला.

"हो. कसा आहेस?"

"आहे. तू?"

"चाललंय." त्यांनी घसा साफ केला. "मशीनची सिस्टिम बदलायची म्हणतोय. आपला डाव मग त्यावर चालणार नाही. तुला विचारल्याशिवाय करू नये, असं वाटलं. तुझी चाल राहिलीय."

"कुठला डाव?"

"आपला रे. तुझा उंट अडकलाय बघ."

धाकट्याच्या आवाजात राग नव्हता.

"दादा, आई गेल्यावर मी एकदाही तुझ्याशी खेळलो नाही. मला जमलंच नाही. वहिनी म्हणाली, तुझं त्या खेळाचं खातं बंद नको करूस, पासवर्ड मला दे. मी दिला."